दाराला बांधलेला मफलर

१२ फेब्रुवारी

बारक्या,

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन केला नाही, कारण आमच्या घरात खाली बोललेलं वरच्या मजल्यावर थोरल्याच्या खोलीत स्वच्छ ऐकू जातं, आणि मला जे विचारायचंय ते चारचौघांत विचारायचं नाहीये. शिवाय तू जहाजावर होतास तेव्हा सव्वीस वर्षं आपण पत्रंच लिहिली. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण मला सवय आहे.

बातमी अशी की आम्ही जहाजाच्या सहलीला निघालोय. हे, मी, थोरला, धाकटा, दोन्ही सुना आणि सात वर्षांची नात. चौदा मार्चला निघायचं, आठ दिवसांनी परत. मुलांनी परस्पर तिकिटं काढली आणि जेवताना सांगून टाकलं. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

मी उभ्या जन्मात बोटीत पाय ठेवलेला नाही. तू एवढी वर्षं लोकांच्या केबिन झाडल्यास, चादरी बदलल्यास, तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तर पहिल्यांदा जाणाऱ्याने काय करावं, काय टाळावं, सगळं नीट लिहून पाठव. त्यात एवढं खास हवंय. केबिनला बाहेरून कुलूप घालता येतं का? जेवण रोज केबिनमध्येच मागवलं तर कोणी हटकतं का? चढताना डॉक्टर तपासतो की नुसता कागद भरून घेतात? गॅलरी नसलेली केबिन मिळते का? आणि सगळी दारं म्हणे सारखीच असतात, मग माणूस आपलं दार ओळखतो कसं?

हसू नकोस. हे आठ दिवस बिनबोभाट पार पडायलाच हवेत. माझं फार काही त्यावर अवलंबून आहे. काय, ते विचारू नकोस.

हे बरे आहेत. तुझी आठवण काढतात.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताई,

तुला कोंबडीच्या पायांचा नमस्कार. तू आणि जहाज! लहानपणी तळ्यातल्या होडीत बसायचं म्हटलं की तुझ्या पोटात दुखायचं, आणि आम्हा सगळ्यांना काठावर उभं राहावं लागायचं.

आता कान देऊन ऐक. मोठ्या बॅगा बंदरावरच काढून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, चष्मे, कागदपत्रं आणि प्रत्येकाचा एक बदलायचा जोड हातातल्या पिशवीत ठेव. मोठ्या बॅगेत औषधं टाकून पहिल्याच दुपारी रडणारे मी शेकड्यांनी पाहिलेत. इस्त्री, किटली असलं काही नेऊ नकोस, काढून घेतात. केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घे, तिथे हेलकावे कमी. खिडकी नसलेली मिळते, स्वस्तही असते, पण दिवा घालवला की आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. बोट लागायला लागली की सुकी बिस्किटं आणि हिरवं सफरचंद खा. गोळी मळमळायच्या आधी घ्यायची, नंतर नाही. मधे बंदरावर उतरलात तर घड्याळ जहाजाचं धरायचं, फोनचं नाही. जहाज कोणासाठी थांबत नाही. धक्क्यावर धावणाऱ्या माणसांना वरून टाळ्या वाजवणारे लोक असतात, त्यात आपण नसावं.

जेवण केबिनमध्ये येतं, कोणी हटकत नाही. चढताना नुसता कागद भरून घेतात आणि त्यावर लोक वाटेल ते लिहितात. दारं मात्र खरंच सारखी. एका मजल्यावर तीनशे, एका बाजूला सम आकडे आणि समोर विषम. गालिच्यावर मासे विणलेले असतात, त्यांची तोंडं जहाजाच्या नाकाकडे, जाणकार त्यावरून दिशा ओळखतात. तू जाणकार नाहीस. तेव्हा आपल्या ओळखीचं काहीतरी, लांबून दिसेल असं, दाराच्या मुठीला बांध. आमचे नेहमीचे प्रवासी तेच करायचे.

आणि बाहेरून कुलूप? ते घालता येत नाही. नात एवढी हूड झालीये का? सगळ्या शहराची कुलपं बसवणारा माणूस तुझ्या घरात आहे, त्यांना विचारायचं सोडून मला कसली विचारतेस.

भावोजी आठवण काढतात हे वाचून बरं वाटलं. मागच्या खेपेला फोनवर त्यांनी मला दोनदा विचारलं, कोण बोलतंय म्हणून. मी समजलो, चेष्टा करतायत. चेष्टाच होती ना, ताई?

तुझा
बारक्या


४ मार्च

बारक्या,

चेष्टा नव्हती.

दोन वर्षं झाली. एका गिऱ्हाइकाला यांनी दुसऱ्याच्याच घराची किल्ली करून दिली, तिथून सुरू झालं. दुकान बंद केलं तेव्हा आम्ही सांगितलं की डोळे अधू झालेत. आता हे घरातच बसून घर शोधतात. ‘चल, उशीर झाला, घरी जाऊ,’ म्हणतात आणि चपला घालतात. मी दाराला कुलूप लावलं तर माझ्या केसांतली पिन काढून दोन मिनिटांत उघडतात. बाकी सगळं गेलं, हातातलं गेलं नाही. मी दाराला घंटी बांधून ठेवलीय. चादरी ओल्या होतात. थोरला कामावर गेला की मी त्या धुते आणि मागच्या अंगणात, वरून दिसणार नाहीत अशा वाळत घालते.

मुलांना एवढंच माहीत आहे, की बाबा विसरतात. मी त्यांना कळूच दिलेलं नाही. प्रश्न विचारला की यांच्याआधी मीच उत्तर देते. लोक म्हणतात, बाई नवऱ्याला बोलूच देत नाही. म्हणू देत.

आता खरी गोष्ट ऐक. जानेवारीत वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली मला एक पुस्तिका सापडली, अशा माणसांना ठेवून घेणाऱ्या संस्थेची. आणि त्याच आठवड्यात थोरला जिन्यात फोनवर बोलताना ऐकला. ‘आठ दिवस सगळे एका जागी असू, तेव्हा कळेलच काय करायचं ते.’ समजलास? ही सहल नाही, परीक्षा आहे. आठ दिवसांत काही उघडं पडलं तर यांना तिथे नेऊन ठेवतील. मी ठेवू देणार नाही. बेचाळीस वर्षं एका अंथरुणाला पाठ टेकलेली माणसं आम्ही. यांना माझं नाव आठवत नाही, पण ‘अगं’ म्हणून हाक मारतात, आणि त्या ‘अगं’मध्ये मी आहे. मला तेवढं पुष्कळ आहे. तिथे यांना कोण ओ देईल?

तुझी युक्ती करून पाहिली. लग्नानंतर पहिल्या थंडीत मी यांच्यासाठी लाल मफलर विणला होता, तो आमच्या खोलीच्या मुठीला बांधला. न्हाणीघरातून आले, थबकले, मफलर हाताने चाचपला आणि ‘आलो गं’ म्हणून सरळ आत आले. आठ दिवस रोज करून पाहिलं. एकदाही चुकले नाहीत. तू लाख रुपयांची गोष्ट सांगितलीस.

आणखी काही सुचलं तर लगेच लिही. पण फोन करायचा नाही, आणि थोरल्याला तर चकार शब्द कळता कामा नये. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे.

ताई


९ मार्च

ती. ताई,

तुझं पत्र मिळालं आणि मी दिवसभर जेवलो नाही. दोन वर्षं तू हे एकटीने ओढलंस आणि मला लिहीत राहिलीस की हे बरे आहेत. मी तुझा भाऊ की कोण?

रडगाणं नंतर. आधी हे वाच, आणि दोनदा वाच. मफलरवर विसंबू नकोस. मला वाटलं होतं नात आहे, चुकलीच तर कोणालाही विचारेल, म्हणून पुढचं लिहिलं नाही. दर फेरीत एकदा, बहुतेक सहाव्या दिवशी सकाळी, अधिकारी सगळ्या मजल्यांवरून पाहणी करत फिरतात. आगीच्या नियमाने तेव्हा दारांच्या मुठीवर काहीही ठेवायचं नसतं. पाहणीच्या आधी आम्ही फिती, फुगे, टोप्या सगळं काढून टोपलीत टाकायचो आणि संध्याकाळी जमलं तर परत द्यायचो. दार वाजवून विचारायला वेळ नसायचा. माझ्या वाट्याला अठरा केबिन असायच्या.

म्हणून एक कर. पहिल्या दिवशी केबिन आवरायला जो कोणी येईल, त्याला बाजूला घे आणि सगळं खरं सांग. चादरीचंसुद्धा. कप्तानाला नाही कळलं तरी चालेल, पण केबिन आवरणाऱ्याला कळायलाच हवं. त्याच्या यादीत तुमच्या दारापुढे खूण पडते, मग तो रजेवर गेला तरी बदलीवाला त्या दाराला हात लावत नाही. लाजू नकोस. आम्ही चादरी बदलणारी माणसं. कोणत्या केबिनमधले दोघं बोलत नाहीत, कोण रडतं, कोण आजार लपवतं, ते आम्हाला दुसऱ्या दिवशीच कळतं. आम्ही बोलत नाही एवढंच.

आणि खरं विचारशील तर मुलांना सांग. तुझ्या पोटची आहेत.

फोन उचलला होता. नंबरही लावला. मग तुझी शपथ आठवली आणि ठेवून दिला. पत्र चार दिवसांत पोचतं, म्हणजे तेराला तुझ्या हातात पडेल. आत्ताच टाकून येतो.

बारक्या


३ एप्रिल

बारक्या,

शिक्क्यावरून दिसतं, तुझं पत्र पंधरा तारखेला आलं. आम्ही चौदाला निघालो होतो.

पाच दिवस मी निभावलं. मुलांना सांगितलं की मला बोट लागते, आणि जेवण केबिनमध्ये मागवत राहिले. थोरला रोज सकाळी यायचा. ‘आई, मी बाबांना घेऊन वर बसतो, तू झोप जरा.’ मी म्हणायचे, नको, यांना माझ्याशिवाय करमत नाही. धाकटी सून आली, नात आली, सगळ्यांना दारातून परत धाडलं. चादर बेसिनमध्ये धुऊन केस वाळवायच्या यंत्राने वाळवत होते. आवरायला यायचा तो माणूस तुझ्यासारखाच होता, तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर गादीवर त्याने गुपचूप प्लॅस्टिक अंथरलं होतं. त्याच्याशी दोन शब्द बोलायला मला काय झालं होतं? पण मी मान खाली घालून बसले. हे रोज मुठीवरचा मफलर बघायचे आणि म्हणायचे, ‘हां, आपलंच.’

सहाव्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेले. दहा मिनिटं. केबिनच्या दारालाही आतून घंटी बांधली होती, ती नळाच्या आवाजात ऐकू आली नाही. हे बाहेर गेले आणि मागे वळून पाहिलं असेल तर मफलर नव्हता. आमचा माणूस त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर होता, बदलीवाल्याने सकाळीच काढून नेला होता.

नंतर लोकांनी सांगितलं ते असं. बराच वेळ हे गालिच्यावरचे मासे बघत खाली मान घालून चालत होते. मग एका दारापाशी गुडघे टेकून बसले आणि माझी पिन काढून कुलूप उघडायला लागले. तिथे किल्लीची फटच नाही, कार्ड लावायची पट्टी असते. हे ती पट्टी खरवडत बसले. आत एक बाई होती, दोन लहान मुलं घेऊन. दाराशी कोणी खरवडतंय म्हणून ती किंचाळली. रखवालदार आले आणि यांना दंडाला धरून ओढायला लागले. आपलं घर उघडत असताना कोणी ओढलं तर माणूस काय करेल? यांनी एकाला मारलं. आयुष्यात मुलांवर हात उचलला नाही या माणसाने.

मला हाक ऐकू आली. ‘अगं, अगं.’ ओल्या अंगावर गाऊन चढवून धावले. अरुंद बोळ, दोन्हीकडची दारं उघडी, दारादारांत माणसं, दोघातिघांच्या हातात फोन वर धरलेले. हे जमिनीवर, ओठातून रक्त, पायजमा ओला. थोरला माझ्याआधी पोचला होता. त्याने आपला कोट काढला, यांच्या कमरेभोवती गुंडाळला आणि लोकांकडे पाठ करून आडवा उभा राहिला. मी ‘अहो’ म्हटलं. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रखवालदाराच्या मागे लपले.

मग दोन दिवस दवाखान्यात, मनगटं पलंगाला बांधून. पुढच्या बंदरावर आम्हाला उतरवलं आणि आम्ही विमानाने परतलो. तेव्हापासून झोप नाही, कोणी जवळ गेलं की अंगावर धावून येतात. ‘अगं’ म्हणून एकदाही हाक मारलेली नाही.

तुझं पत्र पेटीत होतं. थोरल्याने फोडलं, उभ्याउभ्या वाचलं आणि माझ्या हातात दिलं. मग जिना चढून वर गेला.

ताई


९ एप्रिल

ती. ताई,

हे पत्र तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहितोय.

शपथ मोडली की ज्याच्या गळ्याची घेतली तो मरतो, असं आई सांगायची. मी साठी ओलांडलेला, अर्धं जग फिरलेला माणूस. फोन हातात होता. दोन वाक्यं सांगायची होती, मफलर काढतात, आवरणाऱ्याला सांगून ठेव. एवढ्याशासाठी तू मरशील म्हणून मी घाबरलो आणि पोस्टाच्या पेटीत पाकीट टाकून शहाण्यासारखा घरी आलो. वर झोपही लागली. शपथ मोडून कोणी मेल्याचं मी पाहिलेलं नाही, पाळून काय होतं ते आता पाहिलं.

आणि एक सांगायचंय, ते मी कधी कोणाला सांगितलं नाही. एका फेरीत एक म्हातारी बाई दारादारातून हिंडताना दिसली. माझी निळी रिबीन कुठे गेली, असं विचारत होती. ती रिबीन माझ्याच टोपलीत होती, तासाभरापूर्वी मीच काढलेली. मी तिला चौकशीच्या टेबलापाशी सोडलं आणि परत चादरी बदलायला गेलो, कारण नऊ केबिन राहिल्या होत्या. तिचं पुढे काय झालं ते मी विचारलंही नाही. तुला युक्ती सांगताना ती म्हातारी मला आठवली नाही, ताई. तू खरं सांगितल्यावर आठवली.

माझ्या गुडघ्याचं आत्ताच ऑपरेशन झालंय, महिनाभर जिना उतरता येणार नाही. नाहीतर याच पावली आलो असतो. मला शिव्या दे. पण गप्प बसू नकोस.

बारक्या


३० एप्रिल

बारक्या,

शिव्या द्यायच्या झाल्या तर मला आधी स्वतःपासून सुरुवात करावी लागेल, आणि मग तुझा नंबर यायला बरेच दिवस लागतील.

थोरला शेवटी बोलला. स्वयंपाकघरात मी भांडी घासत होते, तो शेजारी उभा राहून पुसत होता. म्हणाला, ‘मामाला माहीत होतं. तुला माहीत होतं. आम्हालाच नव्हतं.’ मग मी जिन्यातलं बोलणं काढलं, पुस्तिका काढली, परीक्षा म्हटलं. पुस्तिका त्याने आणली होती, खरं आहे. ती संस्था दिवसाच्या कामाला घरी माणूस पाठवते, त्यासाठी. आणि जहाज माझ्यासाठी होतं. मी किती वाळलेय, रात्रीची झोपत नाही, हे त्यांना वरून दिसत होतं. आठ दिवस दोघं भाऊ पाळीपाळीने बाबांना सांभाळणार होते. त्यातून कळलं असतं, की घरी माणूस किती वेळ लागेल, एक लागेल की दोन. ‘तुला आठ दिवस झोप मिळावी म्हणून नेत होतो, आई. तू दारच उघडलं नाहीस.’

हे सांगताना तो रडला. त्याला रडताना मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो शाळेत होता.

आता घरी ठेवणं कोणाच्याच हातात राहिलेलं नाही. दोन माणसं आली आणि दोन्ही पळाली. परवा यांनी थोरल्या सुनेच्या मनगटाला चावा घेतला. डॉक्टर म्हणतात, बंद दाराआडच ठेवायला हवं. तीच संस्था. बारा मेला न्यायचं ठरलंय. मला यांना तिथे जाऊ द्यायचं नव्हतं, तेवढ्यासाठी सगळं केलं, आणि आता मीच हाताला धरून नेऊन पोचवणार.

तिथेही लांबलचक बोळ आहे आणि सगळी दारं सारखी. तेव्हा लिही परत. पहिल्यांदा जाणाऱ्याने काय करावं? या वेळी थोरल्याला वाचून दाखवणार आहे.

ताई


५ मे

ती. ताई,

या खेपेला काहीच राखून ठेवत नाही.

पहिल्या दिवशी सगळं खरं सांग. चादरी, पिन, चावा, ‘अगं’, सगळं. कार्यालयातल्या साहेबांना तर सांगच, पण त्यांच्यावर थांबू नकोस. खोली झाडायला येते त्या बाईला वेगळं सांग, तिचं नाव विचारून घे आणि तिची सुट्टी कधी असते तेही विचार. मफलर दाराला बांधायची परवानगी कागदावर घे आणि तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटव. कपडे घरातलेच ने, धुऊन मऊ झालेले. भावोजींच्या दुकानातलं एखादं जुनं कुलूप दे हातात, ज्याची किल्ली हरवलीय असं. हाताला काम राहील. रोज एकाच वेळेला जा. निघताना ‘घरी जाते’ म्हणू नकोस, ‘आलेच’ म्हण.

आणि गेल्या गेल्या ‘मला ओळखलंत का’ असं विचारू नकोस. त्यांना ते परीक्षेसारखं वाटेल, आणि आपल्या घरात परीक्षा पुरे झाल्या.

मी पाय ओढत का होईना, जूनमध्ये येतोय. येण्याआधी फोन करीन. शपथ घालायची नाही.

बारक्या


२५ मे

बारक्या,

सगळं तू सांगितलंस तसं केलं. सांगायला दोन तास लागले, आणि तिथली झाडणारी बाई अर्ध्यातच म्हणाली, ‘एवढंच ना?’ मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. थोरला शेजारी बसून लिहून घेत होता, काही काही गोष्टी तोही पहिल्यांदाच ऐकत होता. मफलर दाराला आहे, कागद आतून चिकटवलाय. ती बाई सुट्टीवर जायच्या आधी बदलीवालीला दारापाशी नेऊन दाखवते.

पहिले दहा दिवस वाईट गेले, ते लिहीत नाही. मुख्य दाराचं कुलूप बघून मात्र एकदा म्हणाले, ‘काम चांगलं आहे, कोणी केलंय?’ ते उघडता येत नाही म्हणून चिडत नाहीत. जुनं कुलूप दिवसभर मांडीवर असतं.

काल मी चार वाजता गेले, रोजच्या वेळेला. हे बोळाच्या दुसऱ्या टोकाला होते, खाली बघत एक एक दार सोडत येत होते. मी लांबच थांबले. मफलरपाशी आले, थबकले, हाताने चाचपला. सगळा चेहरा सैल झाला बघ. आपलं दार सापडलं त्यांना. कोणी सांगितलं नाही, कोणी आणून सोडलं नाही, आपले आपण आले. थोरल्याला फोन करून सांगावं असं झालं मला.

मी जवळ गेले. विचारलं काही नाही, तू सांगितलंस तसं. नुसती उभी राहिले. माझ्याकडे बघून हसले, अगदी माणसात आल्यासारखे, दुकानात गिऱ्हाइकाशी हसायचे तसे.

‘अहो बाई, हे माझं घर,’ म्हणाले. ‘तुम्हाला तुमचं सापडत नाहीये का? थांबा, मी येतो बरोबर, शोधू.’

आणि माझा हात धरून ते मला बोळातून घेऊन निघाले. प्रत्येक दारापाशी थांबून विचारत होते, ‘हे का?’ मी प्रत्येक वेळी नाही म्हणत होते.

ताई